पंचाची शिट्टी आणि वेदीवरील अर्पण



फुटबॉलवर प्रेम करणारी माणसे एकत्र बसली की जिंकलेल्या सामन्यांपेक्षा हरलेल्या सामन्यांच्या गोष्टी जास्त निघतात. त्यातही पंचाच्या एखाद्या निर्णयामुळे हरलेला सामना असेल, तर तो कधी संपतच नाही. वर्षे उलटतात, खेळाडू दुसऱ्या संघात जातात, प्रशिक्षक बदलतात, पण 'त्या दिवशी पंचाने तसे केले नसते तर' हे वाक्य मात्र ताजे राहते.

आपल्या चोरखमाऱ्याच्या बाजूला कबड्डी, व्हॉलीबॉल आणि क्रिकेट जास्त. धान कापून झाले की रिकाम्या बांधीत मुले खेळायला उतरतात. पण टीव्ही आणि मोबाइलमुळे फुटबॉलही घराघरांत पोहोचला आहे, आणि भांडण तर सगळ्या खेळांत एकच असते. चढाई करणाऱ्याचा हात लागला की नाही लागला, पाय रेषेच्या आत होता की बाहेर. पंच एक सांगतो, डोळे दुसरेच सांगतात. म्हणून आज आपण फुटबॉलच्या एका गाजलेल्या सामन्याची आठवण काढू या आणि त्या निमित्ताने देवाचा शब्द आपल्याला काय विचारतो ते ऐकू या.

तो शुक्रवार

३ मार्च २०२३. इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीचा सामना, बेंगळुरूच्या श्री कांतीरवा स्टेडियममध्ये. एका बाजूला बेंगळुरू एफसी, दुसऱ्या बाजूला केरळ ब्लास्टर्स. हरणारा संघ घरी जाणार, जिंकणारा उपांत्य फेरीत. नव्वद मिनिटांत एकही गोल झाला नाही. जादा वेळ सुरू झाला. ९६व्या मिनिटाला पेनल्टी क्षेत्राच्या अगदी बाहेर बेंगळुरूला फ्री किक मिळाली. केरळचा गोलरक्षक पुढे येऊन आपल्या खेळाडूंची भिंत लावत होता. गोल मोकळा होता. तेवढ्यात सुनील छेत्रीने चेंडू उचलून थेट जाळीत टाकला. पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला.

केरळचे खेळाडू पंचांभोवती जमले. शिट्टी वाजली नाही, आम्ही तयार नव्हतो, असे त्यांचे म्हणणे. छेत्रीने नंतर सांगितले की मला शिट्टी नको, भिंत नको, असे मी पंचांना आधीच सांगितले होते. खेळाचा नियम असा आहे की फ्री किक लगेच घेता येते, त्यासाठी शिट्टीची गरज नसते. पण पंचांनी भिंतीचे अंतर मोजून द्यायला सुरुवात केली असेल, तर मात्र शिट्टीची वाट पाहावी लागते. त्या काही सेकंदांत नेमके काय झाले, पंचांनी कोणती खूण केली, यावर आजही दोन्ही बाजूंचे चाहते वाद घालतात.

पण खरी धक्कादायक गोष्ट त्यानंतर घडली. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच मैदानाच्या कडेला आले आणि त्यांनी आपल्या खेळाडूंना परत बोलावले. संघ मैदान सोडून आत निघून गेला, तो परतला नाही. थोडा वेळ वाट पाहून बेंगळुरूला विजयी घोषित करण्यात आले. सामना पुन्हा खेळवावा ही केरळची मागणी पुढे फेटाळली गेली. ३१ मार्च रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने क्लबला चार कोटी रुपये दंड केला. प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी आली, शिवाय पाच लाखांचा दंड. दोघांनीही जाहीर माफी मागावी, नाही तर दंड वाढेल, असेही सांगण्यात आले.

त्याच दिवशीची वाचने

बंधू-भगिनींनो, तो शुक्रवार उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यातील होता. त्या सकाळी जगभरच्या चर्चमध्ये मिस्सेच्या वेळी जी वाचने झाली, ती पुन्हा उघडून पाहिली तर अंगावर काटा येतो.

पहिले वाचन यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायातील होते. इस्राएलचे लोक कुरकुर करत होते की परमेश्वराचा मार्ग न्यायाचा नाही, तो आमच्याशी नीट वागत नाही. त्यावर परमेश्वर त्यांनाच उलट प्रश्न करतो, की अन्यायाचा मार्ग माझा आहे की तुमचा?

शुभवर्तमान संत मत्तयच्या पाचव्या अध्यायातील होते. खून करू नको एवढेच पुरेसे नाही, आपल्या भावावर रागावणारा आणि त्याला शिव्या देणाराही न्यायाला पात्र ठरतो, असे प्रभू सांगतो. वेदीवर अर्पण आणले आणि तेथे आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तेथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा, मग येऊन अर्पण करावे. आणि शेवटी तो म्हणतो की वादी तुमच्याबरोबर वाटेवर आहे तोवरच त्याच्याशी मिटवून घ्या. नाही तर तो न्यायाधीशाकडे नेईल, न्यायाधीश शिपायाच्या हाती देईल, आणि मग शेवटची दमडी फेडेपर्यंत सुटका नाही.

सकाळी हे वाचन, रात्री तो सामना, आणि महिना संपता संपता चार कोटींचा दंड. यात कोणी चमत्कार शोधू नये. देवाने केरळच्या संघाला धडा शिकवला असेही कोणी म्हणू नये, देव फुटबॉलच्या संघांत बाजू घेत नाही. पण देवाचा शब्द किती व्यवहाराचा आहे हे मात्र यातून कळते. वाटेवर असताना जे शब्दांनी मिटले असते, ते न्यायासनासमोर गेल्यावर दमडीदमडीने फेडावे लागते. शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून तिरोडा आणि गोंदियाच्या कोर्टात वर्षानुवर्षे खेपा घालणाऱ्यांना हे आम्ही समजावून सांगायला नको. दोन हात जमिनीसाठी अख्खी बांधी विकली गेल्याची उदाहरणे कोणत्या गावात नाहीत?

प्रभू कोणाला आधी पाठवतो?

त्या शुभवर्तमानातील एक बारीक गोष्ट आपल्या लक्षातून निसटते. वेदीपाशी उभ्या असलेल्या माणसाला काय आठवते? 'माझ्या मनात भावाविषयी काही आहे' हे नाही. भावाच्या मनात माझ्याविषयी काही आहे, हे त्याला आठवते.

चाहत्यांची आठवण याच्या बरोबर उलटी असते. पंचाने आमच्यावर काय अन्याय केला हे त्यांना तारीख-वारासह, मिनिटासह पाठ असते. आपल्या संघाच्या बाजूने चुकलेला निर्णय मात्र कोणाला आठवत नाही. आपल्या घरांतही हेच होते. वाटणीच्या वेळी थोरल्याने मला काय दिले नाही, ते आपण वीस वर्षांनी सांगू शकतो. त्याच वाटणीत धाकट्या बहिणीला आपण काय दिले नाही, ते विचारले तर सांगता येत नाही.

प्रभू येशू वेदीपाशी उभ्या असलेल्याला विचारत नाही की चूक कोणाची? तो एवढेच सांगतो की तू आधी जा. कारण वेदीपाशी तू उभा आहेस. ज्याने देवाची क्षमा मागायला हात जोडले आहेत, पाऊल त्यानेच आधी उचलायचे.

दोन आठवड्यांनी तराजू फिरला

पुढे काय झाले तेही पाहू. बेंगळुरूने उपांत्य फेरीत आपल्या महाराष्ट्राच्या मुंबई सिटीला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवले आणि अंतिम सामन्यात धडक मारली. अंतिम सामना १८ मार्च २०२३ रोजी गोव्यात, मडगावजवळच्या फातोर्डा मैदानावर झाला. समोर कोलकात्याचा एटीके मोहन बागान. बेंगळुरू २-१ ने पुढे होते. सामना संपायला पाचेक मिनिटे उरली असताना पंचांनी मोहन बागानला पेनल्टी दिली. तो अडथळा पेनल्टी क्षेत्राच्या आत घडला की बाहेर, यावर लगेच वाद पेटला. पेनल्टीवर गोल झाला, बरोबरी झाली, आणि शेवटी शूटआउटमध्ये मोहन बागान ४-३ ने जिंकला.

आता तक्रार करण्याची पाळी बेंगळुरूची होती. त्यांच्या मालकांनी त्याच रात्री जाहीरपणे मागणी केली की आपल्या लीगमध्ये व्हिडिओ पाहून निर्णय तपासण्याची सोय व्हायला हवी. पंधरा दिवसांपूर्वी जे 'पंचाचा निर्णय अंतिम' म्हणत होते, त्यांचे चाहते आता तोच निर्णय चुकीचा म्हणत होते. आणि जे त्या वेळी संतापले होते, त्यांतले काही आता गालात हसत होते.

त्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, १९ मार्चला, उपवासकाळातील चौथा रविवार होता आणि वाचन होते संत योहानच्या नवव्या अध्यायातील जन्मांधाचे. जन्मापासून आंधळा असलेल्या माणसाला दिसू लागते, आणि ज्यांना आपल्या नजरेविषयी खात्री आहे ते परूशी मात्र आंधळे ठरतात. आम्हांला दिसते असे म्हणता, म्हणूनच तुमचे पाप कायम आहे, असे प्रभू त्यांना सुनावतो.

स्टेडियमच्या ज्या बाजूला आपण बसतो, त्या बाजूने आपल्याला सामना दिसतो. याचा अर्थ सत्य असे काही नसते, असा मुळीच नाही. चेंडू रेषेच्या आत असतो किंवा बाहेर असतो. पण आपली नजर आपल्या बाजूने झुकलेली असते, हे ज्याला माहीत आहे त्याला सत्याकडे जाण्याची वाट सापडते. ज्याला माहीत नाही, त्याला दहा कॅमेरे दाखवले तरी पटत नाही. आता जगातल्या मोठ्या स्पर्धांत व्हिडिओ पंच आले आहेत, २०१८ च्या विश्वचषकापासून तर सर्वांना ते ठाऊक झाले. तरी वाद थांबले का? कॅमेरा चेंडू पाहतो, हृदय पाहत नाही. हृदय तपासण्याची सोय चर्चने आपल्याला फार पूर्वीपासून दिलेली आहे. तिला आपण पापस्वीकार म्हणतो. तेथे दुसऱ्याचा निर्णय तपासायचा नसतो, आपला तपासायचा असतो.

दोन खाती वेगळी ठेवा

आता एक कठीण प्रश्न. पंच खरोखरच चुकला असेल तर? अन्याय खरोखरच झाला असेल तर? मुकाट्याने सोसायचे का?

नाही. प्रभू येशूने असे कुठेही शिकवलेले नाही. त्याच्या स्वतःच्या चौकशीच्या रात्री आठवा. प्रमुख याजकाच्या घरी एका शिपायाने त्याच्या तोंडात मारली. येशू गप्प बसला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखवून दे, आणि बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असे त्याने विचारले. त्याने हात उगारला नाही, शिवी दिली नाही, पण अन्यायाला अन्याय म्हटले. संत पोप दुसरे जॉन पॉल यांनी १ जानेवारी २००२ च्या विश्वशांती दिनाच्या संदेशात सांगितले होते की न्यायावाचून शांती नाही आणि क्षमेवाचून न्याय नाही. हे पोपमहोदय तरुणपणी पोलंडमधल्या आपल्या गावी फुटबॉल खेळत, आणि तेही गोलरक्षक म्हणून. १३ मे १९८१ रोजी त्यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्याला त्यांनी क्षमा केली, १९८३ च्या डिसेंबरमध्ये तुरुंगात जाऊन त्याला भेटले. पण त्या भेटीने त्याची शिक्षा संपली नाही, तो पुढेही अनेक वर्षे तुरुंगात होता. क्षमा आणि न्याय हातात हात घालून चालतात, एकाने दुसऱ्याला ढकलून द्यायचे नसते.

मग केरळच्या संघाचे चुकले कुठे? तक्रार करण्यात चुकले नाही. मैदान सोडण्यात चुकले. सामना पंचाने संपवला नव्हता. जादा वेळाची चोवीस मिनिटे शिल्लक होती. एक गोल झाला असता तर बरोबरी होती. तो गोल झालाच असता असे कोणी म्हणू शकत नाही, पण मैदानाबाहेर तर तो होऊच शकत नव्हता. पंचाच्या निर्णयाने त्यांच्यावर एक गोल चढला. उरलेली चोवीस मिनिटे मात्र त्यांची त्यांनीच टाकून दिली.

एप्रिलच्या सुरुवातीला, झावळ्यांच्या रविवारी, क्लबने आणि प्रशिक्षकांनी मैदान सोडल्याबद्दल जाहीर माफी मागितली. हुकूम होता, माफी मागितली नसती तर दंड वाढला असता, हे खरे. तरीही त्यातून आपल्याला एक गोष्ट शिकता येते. पंचाचा निर्णय चुकीचा होता असे मनात असूनही आपल्या वागण्याची माफी मागता येते. माझ्यावर झालेला अन्याय एका खात्यात, माझ्याकडून झालेली चूक दुसऱ्या खात्यात. दुकानदार जशी दोन गिऱ्हाइकांची खाती एकत्र करत नाही, तशी ही खाती एकत्र करायची नसतात. 'त्याने तसे केले म्हणून मी असे केले' हे वाक्य देवापुढे चालत नाही. एदेन बागेत आदामने ते आधीच वापरून पाहिले आहे.

फायदा झाला त्याने काय करावे?

अन्याय झालेल्याची गोष्ट झाली. पण ज्याला चुकीच्या निर्णयाचा फायदा मिळाला, त्याला शुभवर्तमान काय सांगते?

१८ नोव्हेंबर २००९ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्स आणि आयर्लंड यांच्यात विश्वचषकात कोण जाणार हे ठरवणारा सामना होता. जादा वेळेत फ्रान्सच्या थिएरी हेन्रीने चेंडू हाताने अडवला आणि पुढे दिला, विल्यम गालासने त्यावर गोल केला. पंचांना हात दिसला नाही. त्या गोलामुळे आयर्लंड बाहेर गेले. सामना संपल्यावर हेन्री आयर्लंडच्या रिचर्ड डन याच्या शेजारी मैदानावर जाऊन बसला. चेंडू हाताला लागला होता हे त्याने लपवले नाही. सामना पुन्हा खेळवणे हाच योग्य मार्ग ठरेल असेही त्याने दोन दिवसांनी म्हटले. पण सामना पुन्हा झाला नाही, आणि विश्वचषकाला फ्रान्सच गेले.

कबूल करणे चांगले. पण कबुली आणि भरपाई यांत अंतर आहे. जक्कयच्या घरी प्रभू जेवायला गेला तेव्हा जक्कय नुसता 'माझे चुकले' म्हणाला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट परत करतो, असे तो उभा राहून बोलला. सातबाऱ्यावर चुकून आपल्या नावाने चढलेली जमीन, तलावाचे पाणी आपल्या बांधीत आधी वळले म्हणून शेजाऱ्याची सुकलेली रोवणी, ओळखीमुळे आपल्या मुलाला मिळालेली आणि दुसऱ्याच्या मुलाची हुकलेली जागा. पंचाने आपल्या बाजूने निर्णय दिला, एवढ्याने ती गोष्ट आपली होत नाही. कायद्याने मिळाले म्हणजे देवापुढे फिटले असे नाही.

पंचांसाठी दोन शब्द

आणि आपल्यापैकी प्रत्येक जण कुठे ना कुठे पंच असतो. आई-वडील मुलांच्या भांडणात पंच असतात. शिक्षक वर्गात, थोरली माणसे घरात, समितीचे सभासद चर्चमध्ये, धर्मगुरू धर्मग्रामात. मोशे एकटाच सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसत असे. त्याच्या सासऱ्याने त्याला सल्ला दिला की देवभीरू, विश्वासू, लाचेचा तिटकारा असलेली माणसे निवडून त्यांच्यावर काही काम सोपव. पुढे मोशेने त्या माणसांना बजावले की लहानाचे आणि मोठ्याचे सारख्याच कानाने ऐका.

पंच चुकू शकतो. धावता धावता क्षणात निर्णय द्यायचा असतो. पण पंचाने ऐकून घेतले, असे हरलेल्याला वाटले तर निम्मा राग तेथेच विरतो. निर्णयापेक्षाही 'माझे कोणी ऐकलेच नाही' हे माणसाला जास्त लागते. हातात शिट्टी असलेल्या प्रत्येकाने हे मनात धरावे.

जगातला सर्वांत वाईट निर्णय देणारा पंच आपल्या सर्वांना माहीत आहे. पिलाताने तीन वेळा सांगितले की या माणसात मला दोष दिसत नाही. आणि तरीही गर्दीच्या आरोळ्यांपुढे झुकून त्याने येशूला क्रुसावर देण्यासाठी सोपवले, वर हात धुतले. नजर चुकली म्हणून हा निर्णय चुकला नव्हता. दिसत असूनही तो दिला गेला. त्या अन्यायाखाली आपला प्रभू उभा होता. तो पळून गेला नाही. संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात सांगतो की त्याची निंदा झाली तेव्हा त्याने उलट निंदा केली नाही, जो नीतीने न्याय करतो त्याच्या हाती त्याने स्वतःला सोपवले. शेवटच्या श्वासापर्यंत तो मैदानात राहिला. आणि ज्या निर्णयाला सारे जग अंतिम समजत होते, तो तिसऱ्या दिवशी पित्याने फिरवला. ख्रिस्ती माणसाची आशा हीच आहे. शेवटची शिट्टी पिलाताच्या हातात नसते.

मैदानाबाहेर बसलेले

बंधू-भगिनींनो, या गोष्टीत आमच्या मनाला सर्वांत जास्त लागणारी बाब हीच, की काही माणसे मैदान सोडून गेली आहेत. कोणाला चर्चमध्ये कोणीतरी बोलले, कोणाच्या मुलीच्या लग्नात मान राखला गेला नाही, कोणाला वाटले की निर्णय आधीच ठरलेला होता. त्यांचे म्हणणे कदाचित खरेही असेल. आणि त्या दिवसापासून ते मिस्सेला येत नाहीत. काही येतात, पण शांतीच्या चिन्हाच्या वेळी एका ठरावीक बाकाकडे पाहत नाहीत. काही घरांत दोन भावांमध्ये एक भिंत आणि त्या भिंतीत एक बंद दार आहे.

त्यांना 'तुमचेच चुकले' असे सांगायला आपण जाऊ नये. प्रभूने मत्तयच्या अठराव्या अध्यायात वाट घालून दिली आहे. आधी एकट्याने एकट्याशी बोला. ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर घ्या. तरीही नाही, तर मंडळीला सांगा. म्हणजे तक्रारीला जागा आहे, दाद मागायला जागा आहे. गावभर बोलत फिरणे आणि तोंड फिरवून निघून जाणे, एवढ्यालाच जागा नाही.

आणि निघून गेलेल्याचे नुकसान कोणाचे? पंच दुसऱ्या सामन्याला जातो. गेलेल्याची मात्र चोवीस मिनिटे जातात. आपली चोवीस मिनिटे म्हणजे पुतण्याचा पहिला ख्रिस्तप्रसाद, भावाचे आजारपण, आईचे शेवटचे दिवस. ती मिनिटे कोणत्याही अपिलात परत मिळत नाहीत.

केरळ आणि बेंगळुरू पुन्हा समोरासमोर आले ते १६ एप्रिल २०२३ रोजी, सुपर कपमध्ये, कोझिकोडला. ईस्टरनंतरचा रविवार, म्हणजे दैवी करुणेचा रविवार होता तो. सामना १-१ असा बरोबरीत सुटला. चाहत्यांचा राग गेला होता असे नाही. पण दोन्ही संघ मैदानात होते आणि सामना शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळला गेला. एवढेही पुष्कळ असते. समेट म्हणजे लगेच गळ्यात गळा नव्हे. पुष्कळदा समेटाची सुरुवात एवढ्यानेच होते, की दोघे पुन्हा एका मैदानात उभे राहतात. त्या रविवारच्या शुभवर्तमानात दारे बंद करून बसलेल्या शिष्यांमध्ये पुनरुत्थित प्रभू येऊन उभा राहतो. ते त्याला टाकून पळाले होते. तो जाब विचारत नाही, शांती देतो, हातांवरच्या जखमा दाखवतो, आणि पापांची क्षमा करण्याचे काम त्यांच्याच हाती सोपवतो. जखमा लपवलेल्या नाहीत, पुसलेल्या नाहीत. तरी पहिला शब्द शांतीचा आहे.

या आठवड्यासाठी

या आठवड्यात आपण तीन गोष्टी करू या. पहिली, आपल्याविषयी कोणाच्या मनात काही आहे का, हे रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी शांतपणे आठवू या. दुसरी, त्यांपैकी एका माणसाकडे पुढच्या रविवारच्या आधी जाऊ या. चहाला बोलावण्यापेक्षा आपणच त्याच्या दारात जाऊ या, कारण प्रभूने 'बोलाव' असे नव्हे, 'जा' असे सांगितले आहे. तिसरी, जो मिस्सेला यायचा थांबला आहे, त्याच्याशी त्याच्या तक्रारीविषयी बोलू या आणि मधेच न तोडता ऐकू या.

आणि तरुण मित्रांनो, तुमच्यासाठी एक. धान कापणीनंतर मैदान रंगेल तेव्हा पंचाच्या निर्णयावर जरूर बोला, कर्णधाराला पुढे करा, नियम विचारा. पण सामना सोडून जाऊ नका. जो बांधीतल्या खेळात शेवटपर्यंत टिकायला शिकतो, तो पुढे घरात, गावात आणि चर्चमध्येही टिकतो.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू अन्याय सोसलास आणि त्याला अन्याय म्हणालास, तरी आम्हांला सोडून गेला नाहीस. आमच्यावर झालेल्या अन्यायाची आठवण आमच्या मनात विष होऊ देऊ नकोस. आम्ही कोणाला दुखावले ते आम्हांला आठवू दे आणि त्याच्या दारापर्यंत जाण्याचे बळ दे. ज्यांच्या हाती निर्णय आहेत त्यांना सरळ नजर आणि ऐकणारे कान दे. जे दुखावून दूर गेले आहेत त्यांना परत आण, आणि ते परततील तेव्हा आम्ही दारात उभे असू दे. शेवटचा न्याय तुझ्या हाती आहे, या विश्वासात आम्हांला जगू दे. आमेन.